क्लचच्या वायरची मींड

दुरुस्तीच्या दुकानात हसत हसत कोणी येत नाही. मिठाईवाल्याकडे, कापडवाल्याकडे माणूस खुशीत जातो. आमच्याकडे येतो तो मुका झालेला रेडिओ काखोटीला मारून आणि कपाळाला आठ्या घालून. वर पहिलं वाक्य ठरलेलं, "काही नाही हो शेट, जरासंच काहीतरी झालंय." ते जरासंच म्हणजे काय, हे उघडल्यावर कळायचं. कधी आत पाल मेलेली, कधी झुरळांनी संसार थाटलेला, आणि बऱ्याचदा घरातल्याच कोणा शहाण्याने स्क्रूड्रायव्हर घालून आतली तार तोडलेली. घातला कोणी, हे मात्र विचारायचं नाही. विचारलं तर गिऱ्हाईक तुटतं.

कर्जतच्या बाजारात मी उभा जन्म हाच धंदा केला. पेटीएवढाले व्हॉल्व्हचे रेडिओ होते तेव्हा सुरुवात केली. पुढे ट्रान्झिस्टर आले, टेपरेकॉर्डर आले, लग्नातले कर्णे आणि अँप्लिफायर आले, सगळं माझ्या टेबलावरून गेलं. लोक मला सुधाकरशेट म्हणायचे. शेटपणा त्यात औषधालाही नव्हता. एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि सोल्डरचा धूर, एवढीच इस्टेट. या अंकाच्या संपादकबाई घरी येऊन म्हणाल्या, "काका, तुमच्या धंद्यातलं लिहा ना काहीतरी." मी म्हटलं, बाई, चांगली दुरुस्ती झाली की ती कोणाला दिसत नाही, तिच्यावर काय लिहिणार कपाळ? त्या गेल्यावर बायको, आमची मंदा, म्हणाली, "गणाचं लिहा की." तिला असं एका शब्दात सुचतं. मला आयुष्यभर सुचलं नाही.

गणाकडे येतोच. आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं नीट कळेल. लोक माझ्याकडे दुरुस्तीला यायचे तसे पारखायलाही यायचे. कोणाला जुना अँप्लिफायर विकत घ्यायचा असे, कोणाच्या जावयाने परदेशातून टेप आणलेला असे. "शेट, बघा बरं कसा हाय." मग मी तो सेट दिवसभर चालू ठेवायचो. चालू केल्या केल्या सगळेच सेट गोड बोलतात. तापल्यावर खरखर, घरघर, मधेच आवाज खाली बसणं, असे एकेक गुण बाहेर पडतात. त्यामुळे तापल्याशिवाय मी कधी मत दिलं नाही. या सवयीपायी माझ्या साखरपुड्यालाही उशीर झाला होता असं मंदा सगळ्यांना सांगते. त्यात तथ्य नाही.

आणि पारखताना शेवटचा शब्द यंत्राचा नसतो, ऐकणाऱ्याचा असतो, हे मला शेलूच्या एका म्हातारीने शिकवलं. तिच्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर फाटला होता. मी नवाकोरा घातला. आवाज खणखणीत झाला म्हणून मी खूश. दुसऱ्याच दिवशी म्हातारी दारात.

"ह्यो माझा रेडिओ नाय."

"आजी, तुमचाच आहे. स्पीकर तेवढा नवा घातलाय."

"मंग बातम्या सांगणारा बाप्या दुसराच कसा? आमचा तो खोकल्यासारखा बोलायचा. ह्यो कोण पाव्हणा आणलास?"

मी तिला समजावून थकलो. शेवटी तोच जुना स्पीकर काढला, फाटलेल्या जागी पातळ कागद खळीने चिकटवला आणि परत बसवला. आवाज पुन्हा घोगरा झाला. म्हातारी कान देऊन ऐकत राहिली आणि एकदम तिचं तोंड उजळलं. "हां! आला गं बाई आमचा!" म्हणाली आणि रेडिओ पदराखाली घेऊन चालू लागली. माणसाच्या कानात जे बसलेलं असतं तेच त्याला परत हवं असतं, यावर मग मी कोणाशी वाद घातला नाही.

आता गणा. गणपत भिसेगावचा. भाताच्या गिरणीत कामाला आणि लग्नसराईत काशिनाथदादाच्या बँजो पार्टीत गिटार वाजवायला. बँजो पार्टी म्हणजे काय हे आमच्याकडे सांगावं लागत नाही, पण अंक लांब जातो म्हणून सांगतो. टाइपरायटरसारखी बटणं असलेला बँजो, ढोल, ताशा, खुळखुळे, आणि ऐंशीच्या सुमारास ज्यांची ऐपत वाढली त्यांच्याकडे एखादी इलेक्ट्रिक गिटार. अँप्लिफायर आणि बॅटरी हातगाडीवर, पुढे कर्णे बांधलेले. त्या गाडीची सगळी जोडणी माझी, म्हणून पार्टीतला मी न वाजवणारा माणूस.

बँजोत सगळं आहे, एक मींड नाही. बटण दाबलं की सूर लागतो, सोडलं की संपतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं त्याला जमत नाही, आणि आमच्या बायकांची गाणी तर सगळी घसरत जाणारी. ती जागा गणा भरायचा. गिटारची तार दाबून बोटानेच बाजूला ढकलली की ती ताणली जाते आणि सूर चढतो, सोडली की उतरतो. गणा अशी तार ढकलायचा की सासरी निघालेली बाई रडतेय असं वाटावं. त्याची गिटार वाजली की हळदीतल्या बायका कामं टाकून मांडवात यायच्या. काशिनाथदादा अरे-तुरेशिवाय कोणाशी बोलायचा नाही, पण गणाला "गणपतराव" म्हणायचा.

एका पावसाळ्यात गिरणीच्या पट्ट्यात गणाचा डावा हात गेला. हात वाचला, पण मधली दोन बोटं सांध्यात आखडली. तार दाबायला जमायची. ढकलायला जोर येईना. दसऱ्याला तो पार्टीत परत आला तेव्हा सूर सगळे बरोबर वाजवत होता, आणि तरी ते गाणं गाणं वाटत नव्हतं. काशिनाथदादाने ऐकून घेतलं आणि गणाच्या हातात खुळखुळे दिले. "ह्ये वाजव रं सध्या. तुला काय मी वाऱ्यावर सोडणार नाय." दादाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून "गणपतराव" बंद झालं, "गणा" सुरू झालं.

गणा दुकानात येऊन बसला. "शेट, कीव करून ठेवलंय मला. खुळखुळं वाजवतोय मी! गिरणीत कोण आलं की आधी हाताकडं बघतो, मंग तोंडाकडं. आता लग्नात पण तेच. नेरळचा एक पोरगा हाय, दादा त्याला आणणार म्हणतोय तुळशीच्या लग्नानंतर. तो आला की संपलंच."

मी काय सांगणार? बोटं काही माझ्या टेबलावर दुरुस्त होणारी नव्हती. पण तेवढ्यात बाकावरून कोणीतरी बोललं, "बोटानं व्हत नाय तर पायानं कर ना."

हे हसनभाई. खालापुरात मुंबई-पुणे रस्त्याला यांचं स्कूटर-ट्रकचं गॅरेज. कोकणी मुसलमान, दाढी पांढरी, बोटं काळी. आठवड्याच्या बाजाराला कर्जतला आले की माझ्याकडे चहा प्यायचे आणि माझ्या धंद्याला नावं ठेवायचे. त्यांच्या मते ज्या वस्तूत तेल नाही ती वस्तू खोटी.

"पायानं कसं?" गणाने विचारलं.

"अरे बाबा, तार ताणायचीच हाय ना? क्लच दाबला की वायर ताणते. ताणणाऱ्या वायरला काय ठावं, पुढं गियर हाय का गिटार!"

आणि म्हातारा खरोखर ते घेऊन आला. जाड लाकडी फळीवर बिजागरीने बसवलेलं पायपेडल, त्याला स्कूटरच्या क्लचची वायर, आणि वायरचं दुसरं टोक गिटारच्या बुडाशी बसवलेल्या एका लहान लोखंडी दांडीला. गणा चाल बहुतेक एकाच तारेवर वाजवायचा, ती तार या दांडीला अडकवलेली. पेडल दाबलं की दांडी मागे झुकणार, तार ताणणार, सूर चढणार. पाय उचलला की स्प्रिंग सगळं जागेवर आणणार. मला हसू आलं, आणि मग वाजवून पाहिलं तर हसू थांबलं. सूर चढत होता! वेडावाकडा, किंकाळी फोडल्यासारखा, पण चढत होता.

काशिनाथदादाने येऊन बघितलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "शेट, मला ह्यातलं कळत नाय. आमी वाजवणारी माणसं. तुमी पारखा. तुमी हो म्हटलात तर नेरळवाल्याला नको सांगतो. नाय म्हटलात तर गणानं परत ह्यो इषय काढायचा नाय." गणाने माझ्याकडे पाहिलं ते अजून मला विसरता येत नाही. एका माणसाची जागा माझ्या कानावर येऊन बसली होती.

मी ते पेडल कसून पारखलं. सूर चढवणं सोपं असतं हो, कोणीही चढवील. परत आल्यावर तो मूळ जागी येतो का, हे बघायचं. मंदा भजनी मंडळात पेटी वाजवायची. तिला पेटी घेऊन दुकानात बसवलं. ती सा धरायची, गणा पेडल दाबून सोडायचा आणि ती मान हलवायची. "वर राहिलाय. केसभर वर." पुन्हा. "अजून वर." तार परत येताना गिटारच्या माथ्याशी, जिथे ती खाचेतून जाते तिथे अडकत होती. मी शिसपेन्सिलीची पूड करून खाचेत चोळली. मग सूर घरी यायला लागला.

दुसरं, पेडल किती दाबायचं याला धरबंध नव्हता. जोरात पाय पडला की सूर सा वरून निघून रे ओलांडून कुठल्या कुठे. हसनभाईंनी खाली एक बोल्ट लावला, रे आला की पेडल टेकणार. तिसरं, वायर आपल्या नळीत घासायची आणि ती कुरकुर तारांचा आवाज उचलणाऱ्या गिटारच्या पिकपमधून कर्ण्यापर्यंत पोचायची. त्यात तेल सोडलं. तेल म्हटल्यावर हसनभाईंचा चेहरा काय फुलला! "बघितलंस? मी काय सांगत व्हतो?" ऊन दिलं, ओलं फडकं टाकून ठेवलं, धुळीत घोळवलं. लग्नं आमच्याकडे काही दिवाणखान्यात होत नाहीत. दिवसभर तापू दिलं. गणा रोज गिरणी सुटली की यायचा, स्टुलावर बसायचा, पाय पेडलवर ठेवायचा. हळूहळू त्याच्या पायात ते उतरलं. एका संध्याकाळी त्याने एक जुनी हळदीची चाल वाजवली आणि मंदाने पेटीचा भाता सोडून दिला. "आता मला नका विचारू," म्हणाली, "मला रडू येतंय."

काशिनाथदादा आला. डोळे मिटून ऐकलं. मी म्हणालो, "दादा, माझ्याकडून हो." दादाने गणाच्या पाठीत अशी थाप मारली की तो स्टुलावरून पडायचाच राहिला. "गणपतराव, तयारीला लागा!" हसनभाईंनी सगळ्यांना भजी खायला घातली. झालं, जग जिंकलं.

तुळशीच्या लग्नानंतरची पहिलीच हळद खालापूरच्या बाजूला एका मोठ्या कुटुंबात होती. अंगणात बाकं टाकून पार्टी बसली. मी गाडीजवळ, हसनभाई पाहुण्यांत. मांडवात धवलारीण होती. आमच्याकडे लग्नविधींची गाणी, धवले, म्हणणारी म्हातारी बाई. तिच्या गाण्याला वाद्य लागत नाही, आणि बँजोवाल्यांकडे तर ती ढुंकून बघत नाही. तिने एक ओळ गायली आणि श्वासाला थांबली. गणाने तीच ओळ गिटारवर म्हटली. तिचा सूर जिथून घसरला होता, तिथूनच याचा घसरला. म्हातारीने मान वळवली. मुद्दाम आणखी अवघड वळण घेतलं. गणाने तेही घेतलं. म्हातारी हळद लागलेल्या हाताने त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "ह्याला गळा हाय गं बाई!" बायकांनी टाळ्या पिटल्या. मी हसनभाईंकडे बघितलं तर ते चष्मा पुसत होते. मला आत कुठेतरी, हे मीच पास केलंय, असा माज चढला होता. खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि दुपार कलल्यावर वरात निघाली.

वाचणाऱ्यांच्या केव्हाच लक्षात आलं असेल. आमच्या आलं नव्हतं. काशिनाथदादाने हात वर केला, ढोल वाजला, हातगाडी हलली आणि सगळी पार्टी चालायला लागली. बँजो पार्टी वरातीत चालते! पिढ्यान्‌पिढ्या चालते! आणि गणा एक पाय पेडलवर ठेवून गल्लीच्या मधोमध उभा.

पहिली ओळ त्याने उभ्यानेच काढली. मागून करवल्या आल्या, धक्के बसायला लागले. त्याने पाय उचलला आणि चालू लागला, तर पेडल वायरीला लोंबकळत मागून. ते फळीसकट वजन प्रत्येक पावलाला तारेला हिसका द्यायचं, आणि कर्ण्यातून रेडकू ओरडावं तसा आवाज निघायचा. चाललं की ऊंई, थांबलं की ऊं. पोरं खिदळायला लागली. नवरदेवाच्या मामाने विचारलं, "ह्ये काय लावलंय?" दादा गाडीपाशी आला आणि त्याने गिटारचं बटण शून्यावर नेलं.

गणाने ते पाहिलं. त्याने वाकून पेडल उचललं, काखेत धरलं आणि चालत राहिला. वरात देवळापर्यंत गेली, तिथून फिरून मांडवापर्यंत आली. तेवढा सगळा रस्ता तो गिटार वाजवत होता. बोटं फिरत होती, आवाज काही नाही. मी गाडीच्या बाजूने चालत होतो, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात हसनभाई आणि मी कडाकडा भांडलो. ते म्हणाले, "पारखलं कोणी? तू! माझ्या जन्मात मी क्लच बसलेल्या माणसाच्या पायाखाली बसवलाय, मला काय म्हाईत तुमची वरात!" मी म्हणालो, "बनवलंत कोणी? तेल घातलंत, बोल्ट घातलात, चाकं घालायची होतीत!" मंदा चहा घेऊन आली होती. ती कप आपटून म्हणाली, "एवढे दिवस एवढी माणसं त्या पेडलभोवती बसलात, आणि एकालाही वरात आठवली नाही? तुमच्या स्वतःच्या लग्नात काय विमानातून आला होतात?" दोष तिचाही थोडा होता, तीही रोज पेटी घेऊन बसलीच होती की. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

कारण गणा दारात उभा होता. गळ्यात गिटार, काखेत पेडल. ते परत करायला आला होता. दादा सकाळीच नेरळला गेल्याचं त्याने सांगितलं.

मी विचारलं, "गणा, आम्ही मूर्ख, ठीक आहे. पण तू तर इतकी वर्षं वरातीत चालतोयस. तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"लक्षात व्हतं शेट."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुमी सगळे एवढं मनापासून करत व्हतात. आणि मला ते एकदा तरी परत वाजवायचं व्हतं. म्हटलं, हळदीत बसून वाजवायला तरी मिळंल. मिळालं. बास झालं."

त्याने पेडलची फळी सोडवून वायर मोकळी केली आणि फळी माझ्या टेबलाखाली ठेवायला तो वाकला. गिटार गळ्यातच होती. लोंबणाऱ्या वायरचं टोक गिटारच्या पट्ट्याच्या बकलात अडकलं असावं. गिटार पुढे झुकली, पट्टा ताणला, हात तारेवर घासला आणि बिनविजेच्या त्या गिटारमधून बारीकसा, पण स्वच्छ आवाज आला. सा वरून रे.

हसनभाई बाकावरून उठलेच. "वाक!"

"आं?"

"परत वाक रं! सरळ हो. आता वाक. पुन्यांदा वाक!"

गणा दुकानाच्या मधोमध तार छेडत येड्यासारखा वाकत आणि उठत राहिला, आणि प्रत्येक वेळी सूर चढत आणि उतरत राहिला. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मंदा हसत सुटली. हसनभाईंनी ती गिटार त्याच्या गळ्यातून अक्षरशः ओढून घेतली आणि खालापूरची एसटी गाठली. चहा तसाच राहिला.

नवीन रचना सोपी होती. खाली पायाकडे जाणारी वायर गेली. गिटारचा पट्टा जिथे अडकतो, तिथून एक लहान वायर पाठीमागून थेट त्या लोखंडी दांडीला. स्प्रिंग कडक, म्हणजे गिटारच्या नुसत्या वजनाने ती हलणार नाही. पण गिटारची लांब लाकडी मान डाव्या हाताने खाली दाबली की पट्टा ताणणार आणि सूर चढणार. बोटांत जोर नसला तरी गणाच्या दंडात होता, भाताची पोती उचललेला दंड. फक्त दाबताना त्याचा डावा खांदा खाली जायचा. दर मींडेला खांदा खाली, सूर उतरला की खांदा वर.

या वेळी मी पारखताना त्याला स्टुलावर बसू दिलं नाही. बाजारपेठेतून चालवलं. तो पुढे, मी मागे, मंदा कट्ट्यावर कान देऊन. भाजीवाल्या मला विचारत होत्या, "शेट, काय मिरवणूक काढलीत काय?" मी म्हटलं, "हो, तुम्हीही या." स्टेशनापर्यंत चालत जाऊन परत आलो तरी सा जागच्या जागी होता. मग मी काशिनाथदादाला निरोप धाडला.

दादा आला तो नेरळच्या मुलाला घेऊनच. तसा चांगला मुलगा होता, हातही छान. दादा म्हणाला, "भिसेगावात परवा वरात हाय. दोघं वाजवा. मी कायेक बोलणार नाय. लोकं बोलतील." गणाच्या गावातच त्याची परीक्षा. मला ते पटलं नाही, पण दादापुढे कोण बोलणार?

वरात निघाली. आधी नेरळच्या मुलाने वाजवलं. स्वच्छ वाजवलं. मग गणा. चालता चालता त्याने खांदा खाली घेतला, आणि त्या गल्लीतल्या बायका उंबऱ्यापर्यंत आल्या. त्याच बायका, ज्या रोज त्याला गिरणीत जाताना बघत होत्या. दरवेळी खांदा झुकायचा, आणि लोकांना वाटायचं हा दारादारात नमस्कार करतोय. एक आजोबा काठी टेकून उभे होते, त्यांनी तर उलटा नमस्कार केला. "गुणी पोरगा हाय," म्हणाले, "वाजवता वाजवता मान ठेवतो." नेरळच्या मुलाने दुसऱ्या चालीपासून आपली गिटार खाली सोडली आणि ऐकत चालत राहिला. देवळापाशी पार्टी थांबली तेव्हा काशिनाथदादाने पाण्याचा तांब्या आधी त्याच्याकडे नेला आणि म्हणाला, "घ्या गणपतराव."

पुढे खूप हंगाम गणा वाजवत राहिला. वायर बदलली, स्प्रिंग बदलली, गिटारही बदलली. हसनभाई गेले. मला एक रुखरुख आहे. म्हाताऱ्याने ती नवी रचना वरातीत कधी ऐकलीच नाही. वरात म्हटलं की ते नको म्हणायचे, पहिल्या वरातीतली ती पोरांची खिदळ त्यांना लागली होती. मी हट्टाने न्यायला हवं होतं. मग बँजो पार्ट्यांत कीबोर्ड आले, गणाने आपण होऊन थांबवलं, मीही दुकान मुलाच्या हवाली केलं. त्याने तिथे मोबाइलची कव्हरं लावली आहेत.

परवा दारावरून वरात गेली. कुठल्या तरी नव्या पार्टीची. मी सवयीने गाडीवरची जोडणी बघायला गेटपाशी गेलो. गिटारवाला तरणाताठा. बोटं बघितली, धडधाकट, तारेवर नुसती पळत होती. आणि मींड आली तसा त्याने डावा खांदा खाली घेतला. मी बघतच राहिलो. पुन्हा मींड, पुन्हा खांदा. त्याच्या गिटारला मागे वायर नाही, दांडी नाही, काही नाही. वरात जरा थांबली तेव्हा मी त्याला गाठलं. "बाळा, तो खांदा का रे खाली घेतोस?"

तो माझ्याकडे, म्हाताऱ्याला काय कळतंय, अशा नजरेने बघून म्हणाला, "काका, त्याशिवाय सूर चढत नाय. आमच्याकडं सगळे असंच वाजवतात."

मी चपला घातल्या आणि तसाच भिसेगावला गेलो. गणा ओटीवर बसला होता, तांदूळ निवडत. मी त्याला सगळं सांगितलं. तो हातातलं सूप धरून ऐकत होता. मग त्याने विचारलं, "आणि बोटं? त्याची बोटं कशी हायत?"

"चांगली आहेत. दहाच्या दहा."

"मंग त्याला कशाला वाकायला लागतं?"

मी म्हटलं, "तू वाकायचास म्हणून."

गणाने सूप खाली ठेवलं. आखडलेला हात मांडीवर घेतला. मग एकदम घरात तोंड करून त्याने बायकोला हाक मारली.

"अगं ए, इकडं ये. हातातलं ठेव ते, आधी इकडं ये." ती पदराला हात पुसत बाहेर आली. गणाने तिला आपल्या शेजारी बसवलं आणि माझ्याकडे वळला.

"शेट," तो म्हणाला, "परत सांगा."